मॉडेल रेल्वे: तुमचं काम कुठवर आलंय? (भाग २)

फाटाजंक्शन

नमस्कार मंडळी,

मागच्या भागात शेवटचं लिहिलं तेव्हा माझ्याकडे नुसता लाकडी सांगाडा उभा होता. आता रूळ टाकून झालेत, वायरिंग झालंय आणि स्टेशनच्या बाजूची निम्मी खडीही चिकटवून झाली आहे. म्हणून हा नवा भाग. ज्यांनी काही हातात घेतलंय त्यांनी लिहा, अर्धवट असलं तरी लिहा.

आधी माझं सांगतो. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७, रूळ १६.५ मिमी. पहिला आराखडा टेबलावरच्या बंद गोलाचा होता आणि आतल्या वळणाची त्रिज्या ४५ सेमी. त्यावर छोटं इंजिन आणि चार चाकांच्या वाघिणी (मालडबे) मजेत पळायच्या. पण २६.४ मीटरचा प्रवासी डबा ह्या प्रमाणात ३० सेमीचा होतो, आणि तो त्या वळणावर आला की पोटाकडून आत आणि टोकांकडून बाहेर इतका जायचा की बघवत नसे. वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट ठेवावी हा ठोकताळा मला नंतर कळला. तीस तिरके नव्वद. टेबल तेवढं मोठं नव्हतं, म्हणून गोल मोडला.

आता भिंतीलगत इंग्रजी एलसारखी मांडणी आहे. एक बाजू ३ मीटर, दुसरी २ मीटर, रुंदी ५० सेमी, आणि कोपऱ्यात तिरकी फळी घालून ९० सेमीचं एकच वळण. एका टोकाला तीन लायनींचं स्टेशन, दुसऱ्या टोकाला पडद्यामागचं यार्ड. गाडी येते, इंजिन सुटतं, शेजारच्या लायनीवरून वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागतं, गाडी परत निघते. गोल गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा माझा जीव ह्यात जास्त रमतो.

अडचण एकच आहे, पण तिने पंधरा दिवस झोप उडवलीय. स्टेशनकडून वळण सुरू होतं तिथेच दोन फळ्यांचा जोड आहे. एक लांब बोगीवाली वाघीण (दोन्ही टोकांना वळणारा चाकांचा गाडा असतो, तीच बोगी) तिथे घसरते. इंजिनाने ओढली तर जाते, ढकलली की पुढची बोगी बाहेरच्या रुळावर चढते. बाकीच्या वाघिणी कधी घसरतात, कधी नाही. रूळ दोनदा काढून पुन्हा टाकले. काय बघू?


सांधेवाला

रूळ तिसऱ्यांदा काढू नका. आधी दोष रुळात आहे की वाघिणीत, हे ठरवा.

वाघीण उलटी फिरवा आणि तशीच ढकला. आता दुसरी बोगी पुढे असेल. तीही त्याच जागी चढली तर रूळ तपासायचा, नाही चढली तर पहिल्या बोगीची चाकं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. एचओमध्ये ते साधारण १४.४ मिमी हवं. एक चाक आसावर अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं तरी सरळ रुळावर काही कळत नाही, सांध्यावर (रूळ दोन फाट्यांत फुटतो तिथे) आणि वळणावर मात्र ते हमखास उघडं पडतं.

ओढताना आणि ढकलताना फरक का पडतो, तेही लक्षात घ्या. ओढताना वळणावरचे डबे आतल्या बाजूला ताणले जातात. ढकलताना जोर तिरका होऊन पुढच्या बोगीला बाहेरच्या रुळाकडे रेटतो. त्या चाकावर वजन पुरेसं असेल तर कड खालीच राहते. ते चाक क्षणभर जरी अधांतरी झालं तरी चढतं. म्हणजे तिथे चाकावरचा भार कमी करणारं काहीतरी आहे. माझा संशय पिळावर आहे: जोडाच्या अलीकडे दोन्ही रूळ सपाट आणि पलीकडे एक रूळ किंचित खाली, असं काहीतरी.

मोबाइल रुळाच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. डोळ्याला न दिसणारं त्यात दिसतं.


धुकेरीवाट

माझं प्रमाण एन, १:१६०, रूळ ९ मिमी. गेले दोन महिने नदीवर घालवले, आणि त्यातलं बरंचसं नदी पुसून काढण्यात गेलं.

डोंगर एक्सपीएस फोमच्या (थर्माकोलसारखा, पण दाट) थरांचा आहे. पहिला धडा असा, की फोमवर स्प्रेचा गोंद मारू नका. त्यातलं द्रावक फोम खातं. माझ्या दरीच्या कडेला हाताएवढा खड्डा पडला. आता मी पीव्हीए (सुतारकामाचा पांढरा गोंद) किंवा फोमसाठी म्हणून मिळतो तोच गोंद वापरते.

नदीसाठी दोन भागांचं इपॉक्सी रेझिन घेतलं. तळ रंगवला, काठ बंद केले, तीन मिलिमीटरचा थर ओतला आणि झोपले. सकाळी नदी कोरडी! पुलाच्या खांबाखाली टाचणीएवढं छिद्र राहिलं होतं. रेझिन इतकं पातळ असतं की ते छिद्र शोधून काढतंच. सगळं फळीखाली उतरून वायरींच्या जुडग्यावर घट्ट बसलं होतं. चार तास फळीखाली पाठीवर पडून पटाशीने खरवडलं.

दुसऱ्यांदा आधी पीव्हीएचे दोन हात मारले, वाळू दिले आणि मग साधं पाणी ओतून रात्रभर ठेवलं. गळालं नाही, तेव्हाच रेझिन. एकदम जाड थर ओतायचा नाही, कारण घट्ट होताना ते तापतं. दोन-तीन मिलिमीटरचे थर, मध्ये एकेक दिवस.

खोली मात्र रेझिनमधून येत नाही, तळाच्या रंगातून येते. मध्ये काळपट हिरवा, काठाकडे हळूहळू मातकट, आणि अगदी कडेला वाळू रंग न देता तशीच. सगळं मिळून सात मिलिमीटर पाणी आहे, पण परवा घरी आलेल्या एका छोट्या मुलीने बोट घालून बघितलं किती खोल आहे ते. मला तेवढं पुरलं.


निळाधूर

धुकेरीवाट, ते बोट घालणं म्हणजे तुमच्या कामाची पावतीच आहे. गवत कोणतं वापरलंत? एनमध्ये मला नेहमी गवताचं रान झालेलं दिसतं.


धुकेरीवाट

लांबीचं गणित आधी करावं लागतं. बाजारात ४ मिमीचं स्टॅटिक गवत सर्रास मिळतं, पण १:१६० मध्ये ते ६४ सेमी होतं, मांडीपर्यंत. मी बहुतेक ठिकाणी २ मिमी वापरलंय, आणि ४ मिमी फक्त नदीकाठी झुपक्याने. एचओवाल्यांना ४ मिमी म्हणजे ३५ सेमी, ते चालून जातं.

आणि एकाच रंगाचं मारायचं नाही. तीन छटा मिसळायच्या, आधी आखूड, त्यावर विरळ लांब. गवत उभं राहतं ते विद्युतभारामुळे, म्हणून गोंद ओला असतानाच मारायचं आणि यंत्राची अर्थिंगची वायर ओल्या गोंदाला टेकेल अशी ठेवायची. ती विसरलात तर सगळं आडवं पडतं.


नवी_शिट्टी

मी अजून काहीच केलेलं नाही, नुसती वाचते. जागा फक्त १.२ मीटर बाय ३० सेमी, एक फडताळ. एवढ्यात काही होतं का? की आधी जागा होईपर्यंत थांबू?


फाटाजंक्शन

थांबू नका! माझी पाच वर्षं मोठ्या जागेची वाट बघण्यात गेली आणि तेवढ्या काळात मी एक सांधासुद्धा बसवला नाही.

तुमच्यासाठी इंगलनूक अगदी योग्य आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅलन राइट ह्यांची ही मांडणी जगभर गाजलेली आहे. दोन सांधे आणि तीन बंद लायनी. एका लायनीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. शंटिंगसाठी (डबे जोडणं, सोडणं, जागा बदलणं) पुढे जो रूळ असतो त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी, बस्स. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतल्या पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. आठातून पाच ठरावीक क्रमाने लावायचे प्रकार होतात ६७२०. रोज एक नवा क्रम लावला तरी सगळे संपायला अठरा वर्षं लागतील.

एचओमध्ये १.२ मीटरला आखूड वाघिणी आणि लहान इंजिन लागेल. एनमध्ये ऐसपैस बसेल आणि मागे डोंगरालाही जागा उरेल.


वाफ_आणि_कोळसा

जॉन अ‍ॅलन ह्यांची टाइमसेव्हर नावाची शंटिंगची मांडणीही आहे छोट्या जागेसाठी, पण नव्या माणसाला मी ती सुचवणार नाही. त्यात प्रत्येक रुळाची लांबी मोजून-मापून आखूड ठेवलीय, त्यामुळे ते कोडं होतं, रेल्वे वाटत नाही. इंगलनूकमधलं शंटिंग खऱ्या यार्डासारखं चालतं.

जॉन अ‍ॅलन ह्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेमध्ये त्यांनी घराच्या तळघरात ‘गोर अँड डॅफेटिड’ ही मॉडेल रेल्वे उभारली. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, पूल, धुळीने माखलेली, गंजलेली इंजिनं. मॉडेल जुनं आणि वापरातलं दिसलं पाहिजे हे ज्यांच्यामुळे जगभर रुजलं त्यांत ते अग्रणी. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच ती सगळी रेल्वे आगीत गेली. आज तिच्या फोटोंवरूनच आपण शिकतो. तेव्हा मंडळी, काम अर्धं असलं तरी फोटो काढत जा.

माझं काम सांगतो. मी ओओवाला, १:७६. ह्यात जुनं दुखणं आहे. सुरुवातीच्या काळात ब्रिटिश इंजिनांच्या छोट्या अंगात त्या वेळची मोटर मावेना, म्हणून वरचं शरीर फुटाला ४ मिमीने केलं आणि रूळ एचओचेच, १६.५ मिमी, ठेवले. खऱ्या १४३५ मिमीला १:७६.२ ने भागलं तर १८.८३ येतात. म्हणजे आमची गाडी सव्वादोन मिलिमीटर अरुंद रुळावर उभी असते, आणि समोरून बघितली की ते खटकतंच.

म्हणून ह्या वर्षी १८.८३ वर एक छोटी फळी करायला घेतली. ह्या मापात सांधे हातानेच बांधायचे. तांब्याचा मुलामा असलेले स्लीपर, त्यावर रूळ डागायचा (सोल्डर करायचा). सांध्याची जीभ (हलणारं टोकदार रूळ) कानशीने घासून इतकी पातळ करायची की टोकाला बोट फिरवलं तर मूळ रुळात ती कुठे मिसळली ते कळू नये. पहिली जीभ घासायला दोन संध्याकाळी गेल्या आणि ती वाकडी झाली. चौथी जमली. प्रत्येक स्लीपरवर तांब्याला मध्ये खाच पाडून वीज तोडावी लागते, ती एका स्लीपरवर राहिली तर सगळं शॉर्ट. परवा रात्री त्या सांध्यावरून एक वाघीण बोटाने ढकलली. खट्‌ आवाज न करता ती दुसऱ्या फाट्यावर गेली. अजून वीज जोडलेली नाही, इंजिनाची चाकं बदललेली नाहीत. पण त्या एका फेरीसाठी मी सहा वेळा दिवा लावून परत खोलीत गेलो.


निळाधूर

आगीचा विषय निघालाच आहे तर वायरिंगचं बोलतो.

डीसीसीमध्ये (प्रत्येक इंजिन त्याच्या पत्त्यावरून वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) बूस्टर, म्हणजे रुळाला वीज पुरवणारा डबा, साधारण ५ अँपिअर देतो आणि एचओला रुळावर साधारण १५ व्होल्ट असतात. म्हणजे ७५ वॉट. घसरलेल्या बोगीतून एवढी वीज सतत गेली तर प्लास्टिक वितळतं. बूस्टर शॉर्ट ओळखून बंद होतो खरा, पण मधली वायर बारीक असेल तर तिच्या रोधामुळे त्याला शॉर्ट झाल्याचं कळतच नाही. म्हणून नाण्याची चाचणी करा. प्रत्येक तुकड्यावर, शेवटच्या सायडिंगच्या टोकालासुद्धा, दोन्ही रुळांवर नाणं आडवं टाका. बूस्टर लगेच बंद झाला पाहिजे. नाही झाला तर तिथली वायर वाढवा. मी फळीखाली अडीच चौरस मिलिमीटरची मुख्य जोडी नेलीय आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या दोन वायरी दिल्यात. रूळ जोडणाऱ्या जॉइनरवर विसंबायचं नाही, वर्षभरात त्यांत ऑक्साइड धरतं.

नवी_शिट्टी, तुम्ही एकाच इंजिनाने सुरुवात करणार असाल तर साध्या डीसीवरही इंगलनूक उत्तम चालतं. डीसीसी घेतलंत तर एवढंच लक्षात ठेवा: नवं इंजिन ३ ह्या पत्त्यावर येतं. दुसरं इंजिन आणलं की दोन्ही एकदम हलतात आणि माणूस घाबरतो. सीव्ही १ मध्ये पत्ता बदला (सीव्ही म्हणजे इंजिनातल्या डीकोडर ह्या चिपमधल्या क्रमांकाच्या सेटिंग). सीव्ही २ म्हणजे सुटतानाचा व्होल्टेज, ३ म्हणजे वेग घेण्याचा संथपणा, ४ म्हणजे थांबण्याचा. शंटिंगच्या इंजिनाला ३ आणि ४ कमीच ठेवा, नाहीतर ते बफरवर जाऊन थांबतं. काही बिघडलं तर बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही ८ ला ८ दिलं की कारखान्यातलं मूळ सगळं परत येतं.

माझी प्रगती: दोन मजल्यांना जोडणारा सर्पिल पूर्ण झाला. त्रिज्या ६० सेमी, म्हणजे एका वेढ्याला ३.७७ मीटर रूळ, आणि वेढ्यामागे साडेआठ सेमी उंची. चढ सव्वादोन टक्के. कागदावर सोपा. पण वळणाचा विरोध चढाला येऊन मिळतो, आणि सपाटीवर चौदा डबे ओढणारं माझं इंजिन तिथे नवव्या डब्याला चाकं फिरवत बसलं. आता त्या इंजिनाच्या मागे दुसरं जोडतो. दोन इंजिनं एका तालात चढताना बघणं हा ह्या छंदातला माझा सगळ्यात आवडता क्षण आहे, त्यामुळे तक्रार नाही.


नवी_शिट्टी

रूळ कशाने पुसायचे? कुणी अल्कोहोल म्हणतं, कुणी नाही म्हणतं.


सांधेवाला

मीही पुष्कळ वर्षं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं. रूळ चकचकीत व्हायचे आणि आठवड्यात पुन्हा काळे. ती काळी पूड बहुतेक चाक आणि रूळ ह्यांच्यामध्ये उडणाऱ्या बारीक ठिणग्यांमुळे तयार होणाऱ्या ऑक्साइडची असते. अल्कोहोल ध्रुवीय आहे, त्याचा उरलेला अंश ह्याला मदत करतो असं म्हणतात. मिनरल स्पिरिटसारखं अध्रुवीय द्रावक वापरायला लागल्यापासून मी तीन महिन्यांतून एकदा पुसतो. खिडकी उघडी ठेवा, बूस्टर बंद ठेवा आणि रूळ पूर्ण वाळल्याशिवाय गाडी सोडू नका. सॅंडपेपर मात्र कधीच नको. चरे पडले की त्यांत घाण भरते.

फाटाजंक्शन, तुमचं काय झालं?


फाटाजंक्शन

सापडलं!

वाघीण उलटी करून ढकलली, तरी त्याच जागी चढली. म्हणजे रूळ. चाकं मोजली, ठीक होती. मग मोबाइल रुळालगत ठेवून चित्रण केलं. जोडावर आल्यावर पुढच्या बोगीचं बाहेरचं चाक स्पष्ट उचललेलं दिसतं. चाक आणि रूळ ह्यांच्यामध्ये जाड कागद सरकेल एवढी फट, आणि फटीतून मागच्या भिंतीचा उजेड. तीन वेळा थांबवून बघितलं.

एका सपाट वाघिणीवर छोटी पाणपातळी आडवी ठेवून जोडावरून सरकवली. पलीकडची फळी बाहेरच्या अंगाला जवळजवळ पाऊण मिलिमीटर खाली होती. रूळ टाकले तेव्हा दोन्ही फळ्या एका पातळीत होत्या, हे मी शपथेवर सांगतो. मधल्या कोरड्या महिन्यांत लाकूड आकसलं आणि दोन फळ्यांना बांधणारे बोल्ट भोकांत सैल पडले. मी दोनदा रूळ काढले तेव्हा खालच्या फळ्या बघितल्याच नाहीत.

त्यात वाघिणीचं दुखणं वेगळं होतं. दोन्ही बोग्यांचे स्क्रू घट्ट, म्हणजे रूळ पिळला की तिला वाकायला वावच नाही. इतर वाघिणी बऱ्याचदा का वाचतात ते तेव्हा कळलं.


सांधेवाला

मग हे करा. एका बोगीचा स्क्रू एवढाच आवळा की ती डावी-उजवी वळेल पण डुलणार नाही. दुसरीचा सैल, डुलू द्या. तीन पायांचं स्टूल कसं कुठेही टेकतं, तशी वाघीण टेकते.

वजनही बघा. एनएमआरए ह्या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओला मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची वाघिणीला चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम. वजन जितकं खाली बसवाल तितकं चांगलं.

फळ्यांसाठी बोल्टवर भरवसा नको. बोल्ट आवळायला, जागा धरायला पितळी डोवेल (नेमक्या भोकात बसणारी खुंटी). जोडाच्या दोन्ही कडांना पितळी स्क्रू फळीत उतरवा आणि रूळ त्यांच्या डोक्यांना डागा, म्हणजे रुळाची टोकं हलणार नाहीत.


फाटाजंक्शन

वाघीण वजनकाट्यावर ठेवली. ७१ ग्रॅम! इतके दिवस मी फक्त रुळाला दोष देत होतो. तळाशी शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या, आता ११२ आहे. (शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि घरात लहान मुलं असतील तर त्याऐवजी लोखंडी नट वापरा.)

डोवेल रविवारी बसवले. भोकं दोन्ही फळ्या शिकंज्यात एकत्र धरूनच पाडली. जोडाची खडी खरवडून काढली, रुळाची टोकं पितळी स्क्रूंना डागली आणि वरून बारीक करवतीने एकच छेद दिला, म्हणजे दोन्ही बाजूंची टोकं आपोआप समोरासमोर आली.

काल रात्री चाचणी. शंटिंगचा वेग ताशी १० किलोमीटर धरला तर एचओमध्ये सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या जरा वर पडतो. त्या वेगाने लांब वाघीण पुढे आणि मागे चार, अशी गाडी वळणात ढकलली. वीस फेऱ्या गेल्या. एकविसाव्या फेरीला मुद्दाम वेग वाढवला. चाक खालीच.

जोडावरची खडी आता पुन्हा टाकायचीय. पाणी आणि पीव्हीए निम्मं-निम्मं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने. फक्त जोडाच्या छेदात गोंद जाऊ नये म्हणून तिथे मेणकागदाची पट्टी उभी ठेवणार आहे.


नवी_शिट्टी

फडताळ मोजलं, नीट धरून १.२४ मीटर भरलं. एन घेतेय. दोन सांधे, एक छोटं इंजिन आणि आठ वाघिणी मागवल्यात. रूळ येईपर्यंत कागदावर खऱ्या मापाचे सांधे कापून फडताळावर ठेवलेत आणि आठ काड्या सरकवून बघतेय. पहिला क्रम लावायला चौदा हालचाली लागल्या. नऊत होईल असं वाटतंय.


धुकेरीवाट

सांध्याखाली खडी टाकताना जिभेच्या आसपास एक थेंबही गोंद जाऊ देऊ नका. तिथे खडीऐवजी खडीच्याच रंगाचा हात मारा. बाकी फोटो टाका, त्या कागदी सांध्यांचेसुद्धा.